तर्खडकरांची पाठमाला आणि केळीचे खोड

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील विज्ञान शिक्षकांच्या शिबिरांना आम्ही गेली काही वर्षे जात आहोत. दिवसभर प्रयोग होतात आणि शेवटचा तास शंकांसाठी राखलेला असतो. शिक्षकांनी चिठ्ठ्या लिहून द्यायच्या आणि आम्ही त्यांना उत्तरे द्यायची, अशी पद्धत. पहिल्या वर्षी आमची अपेक्षा होती की चिठ्ठ्यांत विद्युतमंडल, भिंगे, आम्ल-आम्लारी असे विषय निघतील. तसे ते निघालेही. परंतु बऱ्याच चिठ्ठ्या निराळ्याच होत्या. 'सिन्स' आणि 'फॉर' यांत फरक काय? 'द' केव्हा लावायचा? 'मेल्ट' म्हणजे वितळणे की वितळवणे? 'हर्ब'ला मराठीत काय म्हणावे?

विज्ञानाच्या शिबिरात इंग्रजी व्याकरणाच्या शंका का याव्यात, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. पुढे अनेक मराठी शाळांतून सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. त्यामुळे इंग्रजी वाक्य मुलांना उलगडून सांगण्याचे काम आपोआप विज्ञान शिक्षकाकडे आले. त्या कामाचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नव्हते.

अशाच एका शंकांच्या तासाला एका ज्येष्ठ गुरुजींनी पिशवीतून एक जुने पुस्तक काढून टेबलावर ठेवले. "यात सगळं आहे. हल्लीच्या पोरांना पाठ करायला नको, एवढंच," असे ते म्हणाले. पुस्तक होते तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आमच्या वडिलांचीही एक प्रत घरात होती आणि आमचे स्वतःचे इंग्रजी तिच्यावरच उभे राहिले. गुरुजींचे म्हणणे मनात घेऊन आम्ही घरी आलो आणि तिचे तिन्ही भाग पुन्हा वाचले. यात खरोखरच सगळे आहे का, हा प्रश्न या लेखामागे आहे.

पाठमालेने काय दिले

प्रथम एक घोटाळा दूर करू. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे. पाठमाला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. आडनाव एकच असल्याने अनेकांची गल्लत होते.

शंभराहून अधिक वर्षे हे पुस्तक मराठी घरांत वापरात आहे. इतके दीर्घ आयुष्य लाभलेले पाठ्यपुस्तक विरळाच. त्याची कारणे पुस्तक उघडताच दिसतात. नियम मराठीत समजावून दिलेला आहे. मग थोडे शब्द, मग छोटी वाक्ये, मग थोडी मोठी. इंग्रजीचे मराठी करायचे आणि मराठीचे इंग्रजी. आधी जे शिकवले त्याच्याच आधाराने पुढचे वाक्य येते. जिथे इंग्रजी जाणणारा एकही माणूस नाही अशा गावात बसून, कंदिलाच्या उजेडात एकट्याने शिकता यावे अशी ही रचना आहे. शिक्षक नसलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पुस्तक म्हणून तिला आजही आमचा नमस्कार आहे.

दुसरे असे की, पाठमाला विद्यार्थ्याच्या भाषेची लाज बाळगत नाही. मराठी येणाऱ्या माणसाला मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकता येते, हे तिने गृहीत धरले आहे. ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नाही. तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

बरोबरीच्या चिन्हाची अडचण

आता उणीव पाहू. पाठमालेच्या पद्धतीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी शब्द असतो. मधे चिन्ह छापलेले नसले तरी मुलाच्या मनात तेथे बरोबरीचे चिन्ह उमटते. विज्ञान शिक्षकाला बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ ठाऊक असतो. डावी बाजू उजवीच्या जागी आणि उजवी डावीच्या जागी केव्हाही ठेवता आली पाहिजे. शब्दांच्या बाबतीत हे क्वचितच जमते. शिबिरातल्या चिठ्ठ्यांतील बहुतेक शंका अशाच मोडलेल्या बरोबरीतून निघालेल्या होत्या. चार उदाहरणे घेऊ.

पहिले 'सिन्स' आणि 'फॉर'चे. आपण 'सोमवारपासून ताप आहे' म्हणतो आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे' असेही म्हणतो. 'पासून' एकच. 'सिन्स' म्हणजे 'पासून' असे पाठ केलेला मुलगा दोन्हीकडे 'सिन्स' लिहितो आणि दुसरे वाक्य चुकते. आम्हीही चुकलो आहोत. आमच्या पहिल्या शोधनिबंधाच्या कच्च्या प्रतीत 'सिन्स टू इयर्स' होते आणि मार्गदर्शकांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढले होते. नियम आम्हाला पाठ होता. तो कशासाठी आहे हे कळले नव्हते.

विज्ञान शिक्षकाला हा फरक दोन मिनिटांत समजावता येतो. फळ्यावर काळाची रेषा काढा. सोमवार हा त्या रेषेवरचा एक बिंदू आहे. दोन दिवस हा रेषेचा एक तुकडा आहे. बिंदूपासून मोजायचे असेल तर 'सिन्स', तुकड्याची लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. तापमान ४५ अंश आहे आणि तापमान ५ अंशांनी वाढले, या दोन विधानांत जो फरक आहे तोच हा. मुलांना एकदा ही रेषा दिसली की यादी पाठ करावी लागत नाही.

दुसरे उदाहरण 'मेल्ट'चे. बर्फ वितळला, यालाही इंग्रजीत 'मेल्टेड' आणि आम्ही बर्फ वितळवला, यालाही 'मेल्टेड'. 'मूव्ह' म्हणजे हलणे आणि हलवणेही, 'रोटेट' म्हणजे फिरणे आणि फिरवणेही. येथे मराठी अधिक काटेकोर आहे. गोष्ट आपसूक घडली की कोणी घडवली, हे मराठी क्रियापदातच कळते. स्थिर वस्तू आपोआप हलत नाही, हलवावी लागते, असे म्हटले की न्यूटनच्या पहिल्या नियमाचा अर्धा भाग मराठीने सांगून टाकलेला असतो. म्हणून 'मेल्ट म्हणजे काय' या शंकेला एका शब्दाचे उत्तर देऊ नये. वाक्यात बर्फाखेरीज दुसरा कोणी कर्ता आहे का, हे मुलाला शोधायला सांगावे.

तिसरे उदाहरण जरा गुंतागुंतीचे आहे आणि त्यात दोष पाठमालेपेक्षा व्याकरणाच्या नावांचा आहे. 'रामाने आंबा खाल्ला' याला आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणतो, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. रामाने चिंच खाल्ली, रामाने फळ खाल्ले. इंग्रजीतील 'पॅसिव्ह व्हॉइस'लाही आपण कर्मणी प्रयोगच म्हणतो. नाव एकच, म्हणून वस्तू एकच, असे समजून मुले 'रामाने आंबा खाल्ला'चे इंग्रजी 'द मँगो वॉज ईटन बाय राम' करतात. वास्तविक मराठी वाक्यात सगळा भर रामावर आहे. भूतकाळात असे बोलण्याखेरीज मराठीत दुसरी साधी सोयच नाही. त्याचे सरळ इंग्रजी 'राम एट अ मँगो' किंवा 'द मँगो'. उलट प्रयोगवहीत 'परीक्षानळी तापवण्यात आली' असे आपण लिहितो, कारण कोणी तापवली याला तेथे महत्त्व नसते. इंग्रजी प्रयोगवहीतील 'पॅसिव्ह'चे काम हे आहे. शास्त्रात एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्या की आपण सावध होतो. व्याकरणातही तसेच व्हावे.

चौथे उदाहरण 'द'चे. सूर्य, चंद्र, नद्या, पर्वतरांगा यांच्यामागे 'द' लावावा, अशी यादी बहुतेकांच्या पाठ असते. 'मून'मागे 'द' का? कारण चंद्र एकच. ठीक आहे. पण १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. तेव्हापासून गुरूच्या चंद्रांपैकी एकाविषयी बोलायचे तर 'अ मून' म्हणणे भाग आहे. शब्द तोच राहिला, त्याच्यामागचे ज्ञान बदलले. 'द' लावताना बोलणारा ऐकणाऱ्याला सांगत असतो की कोणता ते तुला ठाऊक आहे. गणितातील उदाहरणात याने उत्तर बदलते. पहिल्या वाक्यात मनोऱ्यावरून 'अ स्टोन' सोडला आणि पुढच्या वाक्यात 'द स्टोन' आला, तर तोच दगड. पुन्हा 'अ स्टोन' आला, तर दुसरा दगड. 'अ' आणि 'द' वगळून वाचणारा मुलगा दोन दगडांचे गणित एका दगडावर सोडवतो आणि आपण त्याला भौतिकशास्त्रात कच्चा ठरवतो.

या चारही ठिकाणी पाठमालेतील नियम चूक नाहीत. ते अपुरे आहेत. वाक्य एकेकटे येते, त्याच्या मागेपुढे काही नसते. 'द'चा अर्थ मात्र मागच्या वाक्यात असतो. 'पॅसिव्ह' का वापरला हे संपूर्ण परिच्छेद वाचल्यावर कळते. सुट्या वाक्यांच्या पुस्तकात ते दाखवण्याची सोय नाही.

केळ आणि 'हर्ब'

आता जी चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे तिच्याकडे वळू. 'हर्ब'ला मराठीत काय म्हणावे, असे विचारणाऱ्या शिक्षकांनी नंतर आम्हाला बाजूला घेऊन सर्व हकीकत सांगितली.

आठवीच्या चाचणीत त्यांनी प्रश्न घातला होता की आपल्या जिल्ह्यात आढळणाऱ्या एका 'हर्ब'चे नाव लिहा. एका मुलीने 'बनाना' लिहिले. त्यांनी ते चूक ठरवले. 'हर्ब' म्हणजे औषधी वनस्पती, उत्तर अडुळसा असे काहीतरी हवे होते. मुलीचे वडील केळी लावतात. ती म्हणाली, "सर, केळीच्या खोडात लाकूड नसतं." वर्ग हसला. सरांनी गुण दिले नाहीत. पुढे कित्येक दिवस ती मुलगी विज्ञानाच्या तासाला काही बोलली नाही. "मला शब्दकोशातला एकच अर्थ ठाऊक होता," असे शिक्षक म्हणाले. त्यांनी हे स्वतःहून सांगितले, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

मुलीचे उत्तर बरोबर होते. 'हर्ब' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. स्वयंपाकघरात आणि औषधांच्या दुकानात त्याचा अर्थ औषधी किंवा सुवासिक वनस्पती असा होतो. वनस्पतिशास्त्रात मात्र ज्या वनस्पतीचे खोड लाकडासारखे कठीण होत नाही ती 'हर्ब'. या दुसऱ्या अर्थाने केळ ही 'हर्ब' आहे, आणि अडुळसा औषधी असूनही 'हर्ब' नाही, तो झुडूप आहे. म्हणजे अपेक्षित उत्तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चूक आणि 'चुकीचे' उत्तर बरोबर.

मराठी प्रतिशब्दांनी येथे मदत होण्याऐवजी गोंधळ वाढतो. शास्त्रीय लेखनात 'ओषधी' हा शब्द या अर्थाने वापरतात, पण तो कानाला 'औषधी'सारखाच लागतो. शालेय पुस्तकांत 'रोपटे' म्हणतात, पण रावेर-यावलकडच्या माणसाच्या दुप्पट उंच केळीला रोपटे म्हणा, की मुले हसणारच. तेव्हा प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडून केळच कापून पाहावी. आपण ज्याला खोड म्हणतो ते एकात एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे बनलेले असते. खरे खोड जमिनीत कंदरूपाने असते. घड येण्याच्या वेळी त्या कंदातून फुलोऱ्याचा दांडा या पोकळीतून वर येतो. घड उतरला की ते झाड संपते आणि शेजारचे मुनवे वाढते. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाला यातले बहुतेक सारे माहीत असते. फक्त या माहितीला इंग्रजी पुस्तकात 'हर्ब' म्हटले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

'बेरी'चीही अशीच गंमत आहे. 'बेरी' म्हणजे बोर, असे मुले सर्रास लिहितात. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने केळ ही 'बेरी' म्हणजे मृदुफळ आहे, आणि बोर मात्र नाही, कारण बोरात कठीण आठळी असते. बोर आंब्याच्या गटात जाते.

तिसरी भाषा

पाठमालेत दोन भाषा आहेत, मराठी आणि इंग्रजी. खानदेशातल्या वर्गात मात्र निदान तीन असतात. धुळ्याकडे आणि जळगावच्या पश्चिम भागात घरी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिल्ली बोली. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांबरोबर केला आहे. ती मराठीची बोली मानावी की स्वतंत्र भाषा, हा वाद आपण येथे बाजूला ठेवू. शिक्षकाला महत्त्वाचे एवढेच की, 'मराठीचे इंग्रजी करा' असे सांगितल्यावर या मुलाला एक भाषांतर आधीच करावे लागते आणि त्याचे गुण त्याला मिळत नाहीत.

गंमत अशी की काही बाबतींत घरची भाषा इंग्रजीला अधिक सोयीची आहे. अहिराणीत 'तो शाळामा जास' आणि 'ती शाळामा जास'. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठीत जातो आणि जाते. इंग्रजीत 'ही गोज' आणि 'शी गोज', म्हणजे अहिराणीसारखेच. मराठीत शाळा शब्दाला प्रत्यय लागताना 'शाळेत' असे रूप होते. अहिराणीत 'शाळा' तशीच राहून पुढे 'मा' लागतो. इंग्रजीतही 'स्कूल' बदलत नाही. यावरून या भाषा परस्परांच्या जवळच्या ठरतात असे नव्हे. पण 'इंग्रजीत क्रियापद बाईपुरुषाप्रमाणे बदलत नाही' हा नियम शिकवताना 'तुमच्या घरी जसे बोलता तसेच' एवढे म्हणता आले, तर मुलाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो आम्ही पाहिला आहे. 'शाळामा' म्हटल्याबद्दल ज्याला आजवर दुरुस्त केले गेले, त्याला आपल्या बोलीचा प्रथमच उपयोग झालेला असतो.

जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंनी आपल्या बोलीतच सारे रचले. विद्यापीठाच्या पाटीवर त्यांचे नाव शोभते. वर्गात त्या बोलीला बसायला जागा मिळाली तर अधिक शोभेल.

दुसरे टोक

पाठमालेवर टीका करणारे आम्ही पहिले नव्हे. पाठांतराला कंटाळून इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही उच्चारू नये, असा आग्रह मधल्या काळात धरला गेला. त्यामागचा हेतू चांगला होता. मूल जेवढे इंग्रजी ऐकेल तेवढे शिकेल, हे खरेच आहे. परंतु ज्या गावात तासाबाहेर इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तेथे पस्तीस मिनिटांत किती ऐकू येणार? मराठी वर्गातून बाहेर गेली, पण मुलाच्या डोक्यातून गेली नाही. ती गाइडमध्ये जाऊन बसली. गाइडमधील भाषांतर पाठमालेपेक्षा वाईट, कारण त्यात नियमही नाही आणि क्रमही नाही. फक्त तयार उत्तर आहे.

म्हणून आमचे मत असे की, भाषांतर वर्गात असावे, पण उघडपणे आणि तपासून पाहण्यासाठी असावे. विज्ञानात आपण कोणतेही विधान पडताळल्याशिवाय मानत नाही. शब्दाच्या अर्थालाही तीच कसोटी लावावी. पाठमालेतील दुहेरी भाषांतराचा जुना सराव थोडा बदलला, तर ही कसोटी आयतीच हाती येते.

वर्गात करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातील चार-पाच वाक्यांचा सलग उतारा पहिल्या गटाला द्या. सुटी वाक्ये देऊ नका. त्यांनी त्याचे मराठी करावे. घरच्या बोलीत केले तरी चालेल. ते मराठी दुसऱ्या गटाला द्या आणि मूळ उतारा न दाखवता त्याचे इंग्रजी करायला सांगा. मग दोन्ही इंग्रजी उतारे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जेथे फरक पडला असेल तेथे थांबा. फरक कोणत्या वाटेने आला, अर्थ बदलला की नुसते शब्द बदलले, हे मुलांनाच ठरवू द्या. 'द' हरवला असेल, 'मेल्ट'चा कर्ता बदलला असेल, 'हर्ब' औषधी झाली असेल. चुकीला गुण कापू नयेत. ज्या गटाने फरक शोधला त्याला शाबासकी द्यावी.

याच्या जोडीला वर्गाची एक वही ठेवावी, तीन रकान्यांची. पहिल्या रकान्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला मराठी शब्द, तिसऱ्यात इंग्रजी शब्द. तिन्हींचा अर्थ सारखा नसेल तर खाली एका ओळीत फरक लिहावा. वर्षाअखेरीस जो शब्दसंग्रह तयार होईल तो कोणत्याही गाइडपेक्षा त्या वर्गाच्या अधिक उपयोगाचा असेल.

ज्येष्ठ गुरुजींना आम्ही पुढच्या शिबिरात भेटलो, तेव्हा त्यांचे पुस्तक आदराने परत केले. यात पुष्कळ आहे, सगळे नाही, असे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "ती केळीवाली पोर आता कितवीत आहे?" दहावीत आहे, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले. त्यांनी तिचे गुण वाढवले होते आणि सगळ्या वर्गासमोर का वाढवले तेही सांगितले होते. ती पुन्हा हात वर करू लागली आहे.

शिक्षक मित्रांनी वरील प्रयोग करून पाहावा आणि आपल्या वर्गातील असे मोडलेले बरोबरीचे शब्द आम्हाला जरूर कळवावेत.